चौदाव्या ओळीतलं भोक

दुपारच्या घंटेआधी तेरा राजे लिहून झाले.
अमक्याचा मुलगा तमका, त्याने राज्य केलं नऊ वर्षं.
तमक्याचा मुलगा ढमका, चार वर्षं आणि एक सुगी.
लॅटिनमध्ये सगळ्यांना एकच क्रियापद पुरतं: रेग्नाविट.
तेही मी आखडून लिहितो, एक अक्षर आणि वर आडवी रेघ.
कातडं महाग आहे.

चौदाव्या ओळीत भोक निघालं.
वासराला जितेपणी गोमाशी चावली असेल,
चौकटीवर ताणताना ते रुंदावलं,
आता माझी करंगळी आरपार जाते.
जुन्या पोथीत इथं नाव होतं, पण ओल खाल्लेलं:
सुरुवातीला 'ता' दिसतं, शेवटी 'न',
मधे बुरशीचा डाग, तुकतुकीत.
बंधू कोलबान म्हणाले, वळसा घाल आणि पुढं हो.
घातला.
डावीकडे 'त्याचा मुलगा',
उजवीकडे 'राज्य केलं एकतीस वर्षं'.

दूध घेऊन आलेली मुरगेल उंबऱ्याबाहेर थांबली.
मी पान उजेडात धरलेलं,
केसांच्या बाजूचा करडा ठिपका पाहून ती म्हणाली,
"हे आमच्या बांडीचं वासरू.
बांडीची आई भुरी, भुरीची आई एकशिंगी,
एकशिंगीला माझ्या आजीनं स्पे नदी पोहवून आणलं, लग्नात."
कुठं अडखळली नाही. बोटंही मोजली नाहीत.
माझ्या तेरा राजांना आया नाहीत.

पुढच्या पानावर राज्याचं वर्णन आहे:
उत्तरेला डोंगर, पूर्वेला समुद्र, घोड्यावरून किती दिवस,
सॅमन कुठं वर चढतात, माणसं कशी, अंगानं उंच आणि वचनाला सैल.
हे ज्यानं लिहिलं तो नक्की दक्षिणेकडचा,
पायाला आमचा चिखल न लागलेला.

शाई वाळली, पानं एकावर एक ठेवली,
तर भोकातून खालचा शब्द वर आला:
फ्लुमेन. नदी.
त्याचा मुलगा नदी, राज्य केलं एकतीस वर्षं.
लॅटिनमध्ये नदी नपुंसक,
आमच्या बोलीत बाई.

मठाधिपती हे वाचतील तेव्हा वाचतील.
चाकू उचलला,
पिसाला तेवढं टोक काढलं.
पंधरावा, दोन वर्षं.
उंबऱ्यावरच्या दुधावर साय धरू लागली आहे.