सहावा रकाना

आमच्या शहराच्या पत्त्यातच फौज आहे:
लष्कर, कंपू, तोपखाना, छावणी.
रिक्षावाला विचारतो, कुठं सोडू,
आणि आपण भाजीची पिशवी सावरत म्हणतो, छावणीत.
त्या ग्वाल्हेरातून बाबा गेले
दोन परक्या देशांच्या मधोमध उभं राहायला.
निळी टोपी, पांढरी गाडी,
आणि जनावरांच्या औषधांची पेटी.
हुद्दा कॅप्टन. काम ढोरांचा डॉक्टर.

मी नऊ वर्षांची.
रविवारी सात मिनिटांचा फोन यायचा, समोर दिघ्यांकडे.
आवाज दोन सेकंद उशिरा पोचे.
मी बोलायचे, तेव्हाच तेही बोलायचे,
मग दोघं गप्प, मग पुन्हा दोघं एकदम.
त्या दोन सेकंदांत कोण राहतं, मी विचारलं होतं.
उत्तर यायच्या आत मिनिटं संपली.

परत आले ते ठरल्याआधीच.
एका बाजूनं डिझेल अडवलं, दुसरीनं रस्ता.
तंबू गुंडाळले,
चुन्याची रेघ वाऱ्याच्या हवाली केली.

मी आणि निनाद भांडलो की
चूक कुणाची, ते विचारत नसत.
त्याला दाराशी उभा करत, मला खिडकीशी,
मधली सतरंजी रिकामी,
आणि डायरीत लिहीत: वेळ चार वीस. कारण, पतंगाचा मांजा.
आत्याचं आणि आईचं वाजलं तरी तेच.
सतरंजी.
एकदा आई तव्यावर पोळी टाकून बाहेर आली,
"घरात तरी कुणाचे तरी व्हा हो!"
पोळी करपली.
बाबांनी वेळ लिहिली.

त्या देशांची नावं ते आजही घेत नाहीत.
कुठलं आधी घ्यायचं, यावरून तिकडे
एक अख्खी बैठक मोडली होती म्हणे.

निवृत्तीनंतर कंपूतच दवाखाना.
गुर्जरांच्या म्हशी, टांगेवाल्याचं शेवटचं घोडं,
"डाक्साब, ज़रा सींग देख लो."
मीही याच पेशात आले.
यंदा मे महिन्यात ट्रंक उपसताना
तिकडची वही सापडली.
क्रमांक, तारीख, जनावर, रोग, उपचार,
आणि सहावा रकाना: बाजू.

उंट, सुरुंगावर पाय. रकाना कोरा.
गाढव, खांदा सोललेला. कोरा.
अडलेली गाय, वासरू मेलेलं. कोरा.
पानंच्या पानं.
मग एक शेळी. ताप एकशे सात.
उपचारासाठी पलीकडे नेली.
शेरा: दूध रोज दीड लिटर.
आणि सहाव्या रकान्यात एक टिंब,
पेन टेकवून उचलल्यासारखं.

"बाबा, एकशे सात तापात शेळी उभी राहत नाही.
दूध कुठलं देते?"

चष्मा काढला त्यांनी. पुसला. पुन्हा पुसला.
म्हातारी होती एक. लेक पलीकडे दिलेली;
दिली तेव्हा पलीकडे असं काही नव्हतं.
लेक बाळंत झाली, अंगावर दूध नाही.
माणसाला ओलांडायची परवानगी नव्हती,
धान्याला नव्हती, पत्राला नव्हती.
आजारी जनावराला होती.
कलम मीच वाचून दाखवलं तिला.
तिनं ऐकून घेतलं,
आणि दुसऱ्या दिवशी शेळी घेऊन आली.

"शेळीला ताप नव्हता," बाबा म्हणाले, वीस वर्षांनी.
आतून आई म्हणाली,
"आम्हाला होता."

टीव्हीवर त्याच पट्ट्यात पुन्हा तोफा.
आवाज बंद, चित्र चालू.
"पोचली का हो ती शेळी?"
"पोचवली."
"आणि मूल?"

ते थर्मामीटर झटकत राहिले.
पारा केव्हाच खाली उतरला होता.
दारात कुणीतरी म्हैस घेऊन उभं होतं,
आणि म्हैस
उंबऱ्यात पाय टाकावा की नाही, ठरवत होती.