कुठून वीस

रात्री पावणेदोनला, खराडीत चौथ्या मजल्यावर
दोन आकडे समोरासमोर बसलेत
आणि एकमेकांकडे बघत नाहीत.

नौशाद तांबोळीच्या टूलनं वरून मोजलं:
एक ब्लॉक वाचायला नऊ मिलिसेकंद.
मी खाली कर्नलमध्ये, डिस्कच्या उंबऱ्याशी मोजलं:
एकशे दहा मायक्रोसेकंद.
तोच ब्लॉक. तीच डिस्क. तीच रात्र.

“तुझं चुकतंय,” तो म्हणाला.
“तुझं,” मी म्हणाले.
मग मशीनच्या कॉफीला दोघांनी मिळून नावं ठेवली.
तेवढं एक आमचं जुळतं.

डिस्कवाल्यांनी दुपारीच कळवलंय, आमचा माल निर्दोष.
ग्राहक म्हणतो, असेल बुवा,
पण माझ्या काउंटरवरचा माणूस पावतीची वाट बघत
छताचा पंखा मोजतो, त्याचं काय?

मी आणखी पहारे बसवले.
फाइल सिस्टिमच्या दारात एक,
रांगेच्या शेपटाशी एक,
विनंती डिस्कच्या हवाली होते तिथं एक.
फार बसवले तर त्यांच्याच गर्दीनं काम रखडतं,
म्हणून पहाऱ्यांचाही वेळ मोजला
आणि वहीत वजा मांडला.

दादा पिंपरीच्या कारखान्यात टाइमकीपर होते.
गेटवरचं घड्याळ, कार्डावर छाप,
उशिराला तांबडी शाई.
एकदा गेनू शेलार तीन मिनिटं उशिरा आला,
पंक्चर सायकल हातात धरून,
म्हणाला, “काळदाते, तुमचं घड्याळ फाटकापासून चालतं.
माझं चऱ्होलीपासून.”
दादांनी तांबडी शाईच वापरली.
पण रात्री जेवताना ते वाक्य
आईला दोनदा ऐकवलं,
आणि दुसऱ्यांदा भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

तीन वाजून गेल्यावर सापडलं.
डिस्कनं काम केव्हाच उरकलं होतं.
इंटरप्टनं कडी वाजवली होती.
पण ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो थ्रेड
जागा होता आणि उठू शकत नव्हता:
त्याच्या कंटेनरला प्रोसेसरचं जे माप ठरलेलं,
ते त्या खेपेपुरतं संपलं होतं.
उत्तर दाराशी येऊन उभं,
आणि घरातल्याला दारापर्यंत जायची परवानगी नाही.
आठ मिलिसेकंद आणि वर चिल्लर.

डिस्कच्या घड्याळात ही आठ नाहीतच.
ती खोटं बोलत नाही.
विचारलं तेवढंच सांगते,
आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखी.

नौशाद खुर्चीतच झोपला होता. हाक मारली.
“ऐकतोय,” म्हणाला,
आणि बराच वेळ डोळे उघडले नाहीत.
मी काही मोजलं नाही.

रिपोर्टात दोन्ही आकडे ठेवले,
प्रत्येकाखाली एक ओळ: इथून, इथपर्यंत.
साहेबांना एकच आकडा हवा असतो.
ते उद्या बघू.

सहाला फोन. दादा.
चहा टाकू का, किती वेळ आहे?
“वीस मिनिटं,” मी म्हणाले.
पलीकडे जरा शांतता,
गॅसच्या लायटरचा एक टकटकाट.
“कुठून वीस?”

मी अजून लिफ्टमध्येच होते.