वाली नसलेला

कायानी, फेब्रुवारी. बाहेर उणे सव्वीस.
जुन्या कागद गिरणीच्या या हॉलमध्ये मात्र
पंख्यांची ऊब आहे, आणि ओल धरली की
भिंतींतून अजूनही लगद्याचा वास येतो.

सतरा नंबरचा नोड आज काढायचा.
त्याच्या मेमरीत चुका होतात,
आधी आठवड्याला एक, मग रोज, आता तासाला.

पहिलं काम सोपं: दाराला कडी.
नवा पाहुणा इथे उतरणार नाही.
आधीचे जेवताहेत, जेवू देत.

मग एकेकाला सांगायचं, ऊठ बाबा.
तीस सेकंद प्रत्येकाला:
हातातला घास संपव, उघडी फाईल मीट,
चालू हिशोब दुसऱ्याच्या हाती दे.
लॉग गोळा करणारा, नाडी बघणारा, हे घरचेच;
घराबरोबर जातात, त्यांना हलवत नाहीत.
रुग्णालयाच्या वेळापत्रकाचे तिघे,
त्यातले दोन सतत जागे हवेत, हा नियम.
म्हणून तिसरा दुसऱ्या नोडवर डोळे चोळत उठेपर्यंत
मी सिर्क्काने ठेवलेला दालचिनीचा पाव खाल्ला. गार होता.

घाई करता येते.
जबरदस्तीचा एक शब्द आहे,
आज्ञेच्या शेपटीला लावला की सगळं झटकन रिकामं.
मी लावलाय तो. एकदाच.
त्या रात्री सहाशे लोकांच्या बसतिकिटांचं काय झालं
ते मला विचारू नका.

चव्वेचाळीस गेले. पंचेचाळिसावा अडला.
पडद्यावर आलं: याला काढलं
तर पुन्हा उभं करणारं कोणी नाही.
म्हणजे वाली नाही.
नाव: जाडी.
कुणीतरी हाताने आणून बसवलेला,
नऊशे बारा दिवस, कुठल्याच यादीत नाही.

आत पाहिलं. चाळीस ओळी.
तळ्यात सोडलेल्या एका तारेकडून आकडा घ्यायचा
आणि सकाळी सहाला अकरा फोनांवर धाडायचा:
बर्फ, अमुक सेंटिमीटर. बस, एवढंच.
जुने आकडे याच नोडच्या पोटात,
नोड गेला की तेही.

पावणेपाचला राउनोला फोन लावला.
निवृत्त होऊन दोन वर्षं झाली,
तरी पहिल्याच घंटेला उचलतो.
"अजून चालतोय?" म्हणाला.
मग बराच वेळ नुसता किटलीचा आवाज.
"अकरा होते. आता नऊ असतील.
हेल्वीचा नवरा गेला, ओस्मो औलूला मुलीकडे.
पण नंबर काढू नकोस कुणाचा.
हेल्वी वाचते."

आकडे आधी बाहेर काढले, तीन हिवाळ्यांचे.
मग त्याला वाली लिहिला, चौदा ओळींचा:
हा पडला तर उचल,
हरवला तर असाच दुसरा उभा कर, कुठेही.
नव्याला सांगितलं, तू उद्यापासून बोल.
आणि कडी लावलेल्या सतराला म्हटलं, थांब.
सहा वाजू दे.

सहा.
बर्फ, सत्तावन्न.

मग राहिलेलं उरकलं. रिकामा झाला,
तेव्हा यादीतून नाव, आणि नाव गेल्यावर वीज.
उलट क्रमाने करणारे पाहिलेत मी,
दिवसभर मेलेल्याला हाका मारतात.
पंखा मंदावत गेला, तो थांबला नेमका कधी
ते शेजारच्या सोळांच्या आवाजात कळलं नाही.

रॅकमध्ये आता चार बोटांची खाच.
सातला सिर्क्का आली, पापण्यांवर दंव,
हातमोजे दातांनी ओढत म्हणाली,
सगळं ठीक?
मी म्हटलं, सत्तावन्न.