दोनशे सत्तरपर्यंत

पहिल्या रात्री दोनशे वीस.
वहीत अक्षर माझंच, निळं, ठसठशीत,
शेजारी यासीनभाईंची सही: शिकलगार, तिसरी पाळी.
कागलच्या माळावर वारा असा होता
की टॉवरवरचा दिवाच हलतोय असं वाटायचं.

त्याआधी चार दिवस आम्ही फक्त पाणी मोजत होतो.
हरभऱ्याएवढ्या काळ्या गोळ्या, नऊ टन,
त्यांच्यावरून नायट्रोजन, त्यात चिमूटभर हायड्रोजन,
घाई नाही, तासाला चार-पाच अंश,
आणि खाली थेंब, थेंब.
पाणी यायचं थांबलं की समजायचं,
आत तांबं जागं झालं.
जागं झालेलं तांबं कुणी बघितलेलं नाही.
हवा लागली की पेटतं.
आम्ही बघतो ते आकडे.

चिपाडाचा गॅस वरून आत जातो,
खालून येतं ते पाण्यासारखं दिसतं, पाणी नसतं.
मधे तांब्याचे कण, इतके बारीक
की एका गोळीतलं सगळं अंग उलगडून अंथरलं
तर एका खोलीची फरशी झाकेल.
त्यांना लांब लांब ठेवायला जस्त आणि ॲल्युमिना,
कारण ऊब मिळाली की तांबं सरकतं,
शेजाऱ्याला लागतं, मिसळतं,
दोघांचा एक कण होतो, थोराड, गुळगुळीत,
आणि कामाला उरलेलं अंग आटतं.
भांडून मरत नाही हे.
मिळून मरतं.

माझा मुलगा दोनशे एकतीसला शाळेत जायला लागला.
मला चष्मा लागला दोनशे त्रेचाळीसला.
त्याच साली एका दुपारी वीज गेली,
राख धुणारा पंप गेला, तीन तास कुणी कळवलंच नाही,
आणि क्लोरीन आत शिरलं, अब्जात मोजावं इतकंच.
दुसऱ्या दिवशी सगळ्यात तापलेली जागा
दुसऱ्या थर्मोकपलवरून तिसऱ्यावर उतरलेली.
वरच्या थरानं विष अंगावर घेतलं
म्हणून खालचा वाचला.
हे मी अहवालात वेगळ्या शब्दांत लिहिलं.

यासीनभाई चहा बशीत ओतत म्हणाले,
"आमच्या आज्ज्याचं धारेचं चाक हुतं, भाऊसिंगजी रोडला.
त्यो म्हणायचा, कापलं की धार जाती,
ठिवलं की गंजती,
आन् लावाय घेतली की पातं झिजतं.
तिन्हीकडनं जातं ते पातंच."
मग?
"मग काय? इळा नवा घ्यायचा.
पर आधी कापायचं तेवढं कापून घ्यायचं."

दोनशे एकसष्टला ते निवृत्त झाले.

घाटगे साहेबांचा फोन: अजून एक हंगाम काढा.
मी म्हटलं, काढू, पण काढायचा म्हणजे तापवायचं,
आणि तापवलेला प्रत्येक अंश
आज चार पिंपं जास्त देतो
ती उद्याच्या तांब्यातून.
पलीकडे थोडा वेळ कुणीच बोललं नाही.
मग, "किती अंश?"
"पाच."
"करा."
आणखी पाच. पुढे दोन-दोन. शेवटी अर्धा,
बाळाला औषध पाजावं तसा.

दोनशे सत्तर. बंद.

उतरवताना सगळं नायट्रोजनखाली,
हवेच्या नळ्या लावलेली चार पोरं, पिंपांची रांग,
सगळी तांबं गाळणाऱ्याकडे जाणार, वजनावर.
एक गोळी झाकणाआधी निसटली,
जाळीवर टकटक करत माझ्या बुटापाशी आली.
काळी, आपल्या जागी गप्प.
मग कडेनं लाल झाली. मग सगळी.
त्या उजेडात तिची बारीकशी चीर दिसली मला.

"मॅडम," संताजी मास्कमधनं ओरडला,
"जीव हाय की हो अजून हिच्यात!"

वहीत तापमान, दाब, प्रवाह, शेरा,
एवढेच रकाने आहेत.
मी म्हटलं, बघत काय बसलायस,
वाळूच्या बादलीत टाक.