मोड

तांबट आळीत दुपारी तीनला ठोके थांबतात, चहासाठी.
नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक येतं,
पिशवीतून घंगाळ काढून ओट्यावर उपडं ठेवतं,
काही बोलत नाही.
उपडं ठेवलं की बाबांना कळतं.
बोटाच्या पेराने एक टिचकी,
मग कान.
"आवाज बसला ह्याचा. मोडीत घाला."
आजेसासूचं होतं, गिऱ्हाईक पुटपुटतं.
बाबा मान हलवतात
आणि तागडी काढतात.

मी गणेशखिंडीत, तिसऱ्या मजल्यावर,
पेशी मोजायच्या कामाला आहे. रात्रपाळी.
पहिल्याच आठवड्यात दाभाडेमॅडमनी दाखवली:
ही बघ, निघालेली.
आक्रसलीय. कडेने बुडबुडे आलेत,
दूध आटताना येतात तसे.
आणि हे हिरवं चमकतंय ना,
ते आतल्या अस्तराला चिकटलंय.
अस्तर जन्मभर आत असतं,
निघायच्या वेळी तेवढं बाहेर येतं.

म्हणजे पितळ उघडं पडतं, मी म्हटलं.
मॅडम हसल्या.
मी विनोद केला नव्हता.
कल्हई गेलेल्या पातेल्याच्या बुडाशी उमटतो
तो पिवळा डाग
मी पाटी हातात धरायच्या आधीपासून ओळखते.

मग ती दुसरी येते.
पुस्तकात तिला भक्षक म्हणतात. मला नाही पटत.
आधी ती चाचपते.
धडधाकट पेशी हात आडवा करते, अजून नाही,
आणि ही खरंच पुढे जाते.
जिने खूण बाहेर काढलीय
तिच्याभोवती पसरते, हळूहळू,
झोपलेल्या पोरावर पांघरूण ओढावं तशी,
आणि आत घेते.
सूज नाही. ताप नाही. शेजारणीला पत्ता नाही.
आत मोडतोड होते, स्निग्ध वेगळं, क्षार वेगळे,
जे चालण्यासारखं आहे ते परत वापरात.
तुमचा एक कप चहा संपेपर्यंत
असं कोटींनी झालेलं असतं.

वृषालीला हे सांगितलं तेव्हा
ती दुकानाच्या आतल्या अंधारात बसली होती.
उन्हात जायचं नाही, असं सांगितल्याला
आता पाच वर्षं होतील.
गालांवर लाली, सकाळी न वळणारी बोटं,
आणि कपाटात रिपोर्टांची थप्पी,
ज्यात तिचं रक्त
तिच्याच पेशींच्या गाभ्यावर फिर्याद लावून बसलंय.

"माझ्यात उचलायला कुणी येतच नाही का गं?"
येतं. उशिरा येतं.
"घंटागाडीसारखं?"
हो.
ती हसली.
ओठाच्या आतले व्रण दुखले असावेत,
कारण हसू तिने मध्येच मिटलं.
तोवर पडलेलं फुटतं, आतलं सांडतं,
आणि शरीराला वाटतं घरात चोर शिरला,
हे पुढचं
मी तिला सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.
तिला माझ्या आधीपासून ठाऊक आहे.

आमच्या दुकानात एक रीत आहे, कुणी घातली माहीत नाही.
भांडं मोडीत टाकण्याआधी
त्यावरचं नाव मोठ्याने वाचायचं, एकदाच.
बाबांना आता टिंबांची अक्षरं दिसत नाहीत,
म्हणून ते काम वृषालीकडे आलंय.
ती भांडं दाराकडे तिरकं धरते,
उजेड पडेल तेवढंच, हात सावलीत ठेवून:
"चि. सौ. कां. इंदुमती हिस,
मावशीकडून...
पुढचं चेपलंय, बाबा."
"चालेल," ते म्हणतात. "टाक."

खणखण होते. मग ठोके सुरू होतात.

मी चप्पल घालते, पाचची बस आहे.
मागून आईची हाक:
सकाळी येताना पाव आण गं,
मटकीला मोड आलेत.