लाइट गेल्यावर

रात्री दोनला लाइट गेली की
शेडमधले चोवीस माग एकदम गप्प होतात.
कान मात्र थोडा वेळ तसेच खडखडत राहतात.
मग वरून हळूहळू ऐकू येतं:
पंख. बारीक शिट्टीसारखे,
ताण्यातून वारा गेल्यासारखे.

"तलवार बदकं," इरय्या येमूल म्हणतो, विडी विझवून.
(विडी विझवायचं कारण नाही. तरी विझवतो.)
"हिप्परग्याची. निघाली."

शेडमागे नरसव्वा गुर्रमची बदकं आहेत, अकरा.
पांढरी, जाडजूड, पायांना कायम चिखल.
ती त्यांना बातू म्हणते
आणि खुडूक कोंबडीखाली उबवते त्यांची अंडी,
कारण मादी अंडं टाकते नळाशी, नालीत,
एकदा तर माझ्या चपलेत,
आणि मागे न बघता चालू लागते.
पिल्लं डबक्यात उतरतात तेव्हा
काठावर कोंबडी बोंबलत असते.

पंख आहेत त्यांना.
पंखांना बदक झेपत नाही, एवढंच.

वर आवाज झाला की अकराच्या अकरा
मान तिरपी करून एका डोळ्यानं आभाळ बघतात.
एखादी धावत सुटते, पंख पसरून, अंगण संपेपर्यंत.
पुढे उकिरडा लागतो.
मग ती उकिरडाच उकरते,
जणू त्यासाठीच निघाली होती.

दोन वर्षांमागे, फाल्गुनातच,
जाळ्यात पंख मोडलेला एक नर नरसव्वानं आणला.
चादरीच्या उरल्या लाल सुतानं पंख बांधला.
जुळला, पण वाकडा.
अख्खा उन्हाळा तो भाताच्या शितांवर राहिला,
पावसाळ्यात शेपटीची तलवारही गळून पडली,
नुसता खाकी बारावा झाला.
थंडीत एका सकाळी नव्हता.
कुत्र्यानं नेला की आभाळानं, कुणी पाहिलं नाही.
"पोयिंदी," नरसव्वा म्हणाली. गेलं.
तेलुगूत त्याचे दोन्ही अर्थ होतात. मराठीतही.

मागे एक पोर राहिली त्याची.
लांब मानेची, मळकट, कुणाशी न पटणारी.
तिला पत्र्यापर्यंत उडता येतं.
बरोबर पत्र्यापर्यंत.
लाइट गेलेल्या रात्री ती तिथं चढून बसते,
चोच उत्तरेला.
तिला ती दिशा कुणी दाखवली?
बाप बोलला असेल, असं मला वाटत नाही.

माझा आजा करीमनगरहून चालत आला होता, मागासाठी.
गावाचं नाव मला पाठ आहे.
बाजू माहीत नाही.

"इरय्या, करीमनगर कुठल्या अंगाला रे?"
तो विझलेली विडी हलवतो,
आधी पाण्याच्या टाकीकडे, मग रस्त्याकडे,
मग म्हणतो, थांब, उजेड येऊ दे.

उजेड येतो.
चोवीस माग सुरू होतात, पत्रा थरथरतो,
वर ती पाय बदलते.