समास

परिपत्रक आलं तेव्हा खोली क्रमांक नऊमध्ये
मी होते, निफाडकर शिपाई, आणि पंखा.
"विद्यार्थीसंख्या अपुरी असल्याने..."
पुढचं वाचलं नाही, पुढचं पाठ आहे.
मोडीचा वर्ग बंद, फारसीचा तर केव्हाच.
निफाडकर म्हणाले, "मॅडम, कपाटं कुठे हलवू?"

तेवढ्यात दारात हम्मादी.
मालीचा, जेन्ने गावचा, कॅम्पात बी. फार्म. करतो,
कोंढव्यात राहतो, चौघांत एक कुकर.
फाटकावरची पाटी कुणाकडून तरी वाचून घेऊन आला:
'जुनी लिपी वाचून मिळेल.'
"कोणती जुनी, ते लिहिलेलं नाही," तो हिंदीत म्हणाला.
खरंच, लिहिलेलं नव्हतं.

फोनवर एक पान. आजोबांच्या पेटीतलं,
खालून वाळवीनं कुरतडलेलं.
मधोमध ठसठशीत अरबी,
आणि समासात बारीक, तिरकं,
मुंग्यांनी वाट बदलावी तसं काही.
"मधलं कायद्याचं. कडेचं आमच्या फुलानी भाषेत, लिपी अरबीच.
आजोबा गेले. आम्ही फ्रेंच शाळेत गेलो."
ही दोन वाक्यं त्यानं एका श्वासात म्हटली.

स्कूटरवर त्याला मागे बसवून
घोरपडे पेठेत गेले, बागवान सरांकडे.
एकतीस वर्षं फारसी शिकवली, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय.
सरांनी फोन लांब धरला, जवळ धरला,
"झेरॉक्स आण," म्हणाले.
मग चिडले. "फेचा नुक्ता खाली? काफला एकच?
हे काय लिहिणं झालं!"
आणि दुसऱ्या ओळीला चिडायचं विसरले.

सर अक्षर लावायचे, त्यांना अर्थ कळत नव्हता.
हम्मादी डोळे मिटून ऐकायचा,
त्याला अर्थ कळायचा, अक्षर लागत नव्हतं.
मी देवनागरीत उतरवत होते. मला दोन्ही नव्हतं.
त्यांच्यात एक ब असतो, गिळून म्हणायचा.
आपल्याकडे त्याला अक्षर नाही.
मी ब लिहिला आणि पायाशी टिंब दिलं.

मधेच शाईचं निघालं. त्याचे आजोबा
काट्यांच्या झाडाचा डिंक खलायचे.
"बाभूळच ती," मी म्हटलं, "आमच्याकडेही. काजळ आणि डिंक."
धडा झाला की लाकडी फळी धुवायची
आणि ते पाणी प्यायचं, तो म्हणाला.
आमच्याकडे धूळपाटी, मी सांगितलं, ती नुसती पुसायची.
"धूळ मात्र आयुष्यभर खाल्ली," सर म्हणाले,
आणि चहा सांगितला. दुसऱ्यांदा.

साडेचार ओळींना दुपार गेली. मग बसलं:

'इथे माझे गुरू जे म्हणाले
ते मी जसंच्या तसं उतरवलं. मला पटलेलं नाही.
मागाहून येणाऱ्यानं पाहावं.'

हम्मादी हसायला लागला.
"असेच होते. भातात मीठ कमी असलं तरी असंच म्हणायचे."
सर हसले नाहीत. "पण पटलं काय नाही?"
म्हणून आम्ही पुन्हा मधल्या मजकुरात उतरलो.
प्रश्न असा होता:
स्वतः खणलेल्या विहिरीचं पाणी
तहानलेल्याला विकता येतं का.
गुरू म्हणत होते, येतं.

सरांनी चष्मा काढला. "कोंढव्यात टँकरला किती पडतात रे?"
"दीड हजार. मे महिन्यात जास्त."
त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही,
पण ते गप्प बसणं
परवाच्या विभागीय बैठकीतलं नव्हतं.

रात्री परिपत्रक पुन्हा काढलं.
वाटलं, मोडीत का होईना, कडेला दोन ओळी लिहाव्यात.
जागाच नव्हती.
मजकूर या काठापासून त्या काठापर्यंत, उरलेल्यावर शिक्का.
दोन बोटं समास सोडा,
हे आम्ही पहिल्या तासाला शिकवतो.

रविवारी दुसरं पान.
पेटीत सातशेच्या आसपास असतील, तो म्हणतो, मोजली कुणी नाहीत.
निफाडकरांना सांगितलंय,
कपाटं न्या कुठे न्यायची ती,
मधल्या कपाटाची किल्ली तेवढी माझ्याकडे द्या.